नागोजीरावांच्या कीबोर्डची उजवी बाजू

लाल तार प्लसची आणि काळी तार मायनसची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण छोट्या बॅटरीच्या दोन तारांच्या टोकाला जो पांढरा प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो, त्यात लाल तार डावीकडे हवी की उजवीकडे, याचा सगळ्यांनी पाळावा असा नियम नाही. एक कारखाना डावीकडे बसवतो, दुसरा उजवीकडे. कनेक्टर मात्र सारखेच. खाचेत टक् करून बसतात आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे बरोबरच असणार. वीज उलटी गेली की आधी नाकाला कळतं. जळक्या राळेसारखा एक बारीक वास येतो. तो आला की पुढे करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

या वासाची आणि माझी ओळख जुनी आहे. मी मूळची साताऱ्याची. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, लग्न होऊन चेन्नईला आले आणि अड्यारच्या एका वर्कशॉपमध्ये कानाची मशीनं दुरुस्त करायला लागले. उमेदीची सगळी वर्षं त्या एका टेबलावर गेली. केसासारख्या तारा, डोळ्याला भिंग, हातात बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका बाईंचं मशीन इडलीचं पीठ दळताना ग्राइंडरमध्ये पडलं होतं. त्या ते पिठासकट डब्यात घालून घेऊन आल्या. मशीन वाचलं नाही. त्या पिठाच्या इडल्या झाल्या का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

पुढे अशी मशीनं आली की ती उघडायचीच नाहीत, बिघडली की सबंध बदलायची. वर्कशॉपला माझं काम उरलं नाही. मी आयर्न, भिंग आणि मीटर घेऊन वेळाचेरीच्या घरी आले आणि खिडकीशी टेबल मांडलं. बाहेर पाटीबिटी लावली नाही.

कीबोर्डची कामं तिथे सुरू झाली. आमच्या वरच्या मजल्यावर सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला जाणारे एक गृहस्थ राहत. त्यांच्यामुळे मला कळलं की कॉम्प्युटरचा कीबोर्ड स्वतः बनवायचा छंद असलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. सुटे भाग मागवतात, एकेक बटण बसवतात, स्प्रिंग हलकी हवी की जड यावर वाद घालतात. बिनवायरचा कीबोर्ड करायचा तर त्याला बॅटरी लागते. बाकी सगळं ही मंडळी हौसेनं करतात, बॅटरीपाशी आली की त्यांचा हात थांबतो. थांबतो ते चांगलंच. ही लिथियमची बॅटरी असते, चुकीची वागणूक मिळाली की फुगते, कधी पेटते. मग ते मला शोधत यायचे. एकांचा कीबोर्ड कॉम्प्युटरपासून हातभर अंतरावरच राहायचा होता. मी म्हटलं, "वायरच लावा की, कधी दगा देणार नाही." तर म्हणाले, "मॅडम, वायर दिसते!"

सोल्डरिंग म्हणजे काय, तेही सांगून टाकते. लोकांना वाटतं, आयर्नवर सोल्डर वितळवायचं आणि त्याचा थेंब हव्या त्या जागी ठेवायचा. तो थेंब चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. आधी ती जागा आणि तार, दोन्ही एकदम तापवायची. ती पुरेशी तापली की सोल्डर आपण होऊन तिथे पसरतं. मग हात हलवायचा नाही. गार होईतो श्वाससुद्धा सांभाळून घ्यायचा. चांगला जोड कसा ओळखायचा, तर तारेभोवती सगळीकडून छान उतरता असतो. माझे जोड सुटत नाहीत. एवढी एक गोष्ट मी न लाजता सांगते.

हेमा माझ्याकडे आली ती एका संध्याकाळी, ऑफिसची बस चुकवून. तिशीच्या आसपासची मुलगी, सिरुसेरीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. वरच्या गृहस्थांनीच तिला पाठवलं होतं. तिच्या हातात कापडात गुंडाळलेला अर्धाच कीबोर्ड होता. मी तेव्हा फोनवर बहिणीशी बोलत होते. फोन ठेवला तशी ती म्हणाली, "आंटी, तुम्हीं मराठी? आम्हींपण मराठीच. तंजावूर."

तंजावरकडची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इकडची. त्यांतली कितीतरी पुढे नोकऱ्यांसाठी चेन्नईत आली. त्यांचं मराठी आपल्याला जुन्या पोथीतलं वाटावं असं, आणि त्याला चाल तमिळची. हेमाला घरातलं मराठी येत होतं, पण दोन वाक्यं झाली की ती तमिळवर जायची, तिथून इंग्रजीवर. मी तिला म्हटलं, ज्यात जमेल त्यात सांग.

तिचे वडील नागोजीराव. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिंदी विभागात होते. भाषांतर आणि टंकलेखन, नोकरीभर तेच. निवृत्तीनंतर त्यांना स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार झाला. आधी पाय गेले, मग वाचा गेली. मान धरत नव्हती, हात उचलत नव्हते. बोटं मात्र अजून हलत होती. तमिळ, मराठी, हिंदी काहीही सांगायचं झालं तरी त्यांची बोटं देवनागरीचीच बटणं शोधत, कारण जन्मभराची सवय तीच. म्हणून हेमाने स्वतः शिकून त्यांच्यासाठी दोन भागांचा कीबोर्ड बनवला होता. एक भाग खुर्चीच्या डाव्या हातावर, दुसरा उजव्या हातावर. हलक्यात हलक्या स्प्रिंगा. वायरी नाहीत, कारण त्यांना उचलून निजवताना वायरी अडकत. ते जे लिहीत ते समोरच्या टॅब्लेटवर उमटे आणि टॅब्लेट ते मोठ्यानं वाचून दाखवी.

"उजवीकडची बॅटरी फुगली होती," हेमा म्हणाली. "मी नवी आणली. तसाच कनेक्टर. नीट बसला. मग तो वास आला."

मी कीबोर्डच्या आतली सर्किटची पाटी भिंगाखाली धरली. मधल्या चिपवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला होता. मीटर लावायचीही गरज नव्हती. नव्या बॅटरीच्या तारा जुनीच्या उलट्या होत्या.

"ही पाटी गेली," मी सांगितलं. "नवी आणावी लागेल. बाकीची बटणं चांगली आहेत. डावा भाग?"

"तो चालतो. पण एक भाग असून काय करायचं?"

तिनं मग तिच्या मनात होतं ते सांगितलं. पाटी जळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर घरी आले होते. नागोजीरावांचा श्वास अपुरा पडायला लागला होता. पुढे दोन वाटा होत्या. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि यंत्रानं श्वास द्यायचा. नाहीतर नळी घालायची नाही आणि त्रास होणार नाही एवढं बघत राहायचं. डॉक्टरांनी हे त्यांना समोर बसून समजावलं आणि उत्तर विचारलं. नागोजीरावांनी डाव्या हातानं काहीतरी लिहिलं. टॅब्लेटवर 'नी' असं उमटलं आणि पुढे नुसते काने. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, "नी म्हणजे नाहीं." खात्री करावी म्हणून तिनं त्यांना विचारलंही, "नळी नको ना?" त्यांच्यात खूण ठरलेली होती. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. त्यांनी दोनदा मिटले. आई म्हणाली, "नाहीं म्हणतात." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पण घाई नाही, पुन्हा येईन तेव्हा पक्कं करू, असंही म्हणाले.

"तेव्हापासून अप्पा कोणाकडे बघतच नाहीत," हेमा म्हणाली. "आम्ही जवळ गेलो की डोळे मिटून घेतात. घासही पुरता घेत नाहीत. अम्मा म्हणते, त्यांनी मनाची तयारी केली आहे. मला तेवढंच हवंय, डॉक्टर येण्याआधी त्यांनी एकदा नीट बोलावं. मग काय ठरवायचं ते ठरवू देत."

माउंट रोडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तिनंच नवी पाटी आणली. मी जुनी काढली. असली पाटी काढणं हे बसवण्यापेक्षा कठीण. पायांना चिकटलेलं सोल्डर एकेक करून शोषून घ्यावं लागतं, ओढाताण केली तर खालचं तांबंच उपटून येतं. ते सावकाश केलं. नवी बसवली. तिच्यात प्रोग्रॅम हेमानं घातला.

राहिला कनेक्टर. तो पाटीवर जोडताना बॅटरी शेजारच्या खोलीत ठेवायची, ही माझी शिस्त. पाटीवर प्लसची खूण कुठली, ते पाहिलं. बॅटरीच्या तारांची बाजू नुसत्या रंगावर विश्वास न ठेवता मीटरनं पाहिली. कनेक्टरमधल्या पिना टाचणीनं हळूच मोकळ्या करून अदलाबदल केल्या. तारा कापल्या नाहीत. कापायच्याच झाल्या तर एका वेळी एकच. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या की कात्रीच त्यांना जोडून टाकते आणि ठिणगी उडते. हे मी हेमाला दाखवलं. तिनं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

"कनेक्टर काढायचं-घालायचं काम घरी कोण करतं?" मी विचारलं.

"अम्मा. रात्री काढते, सकाळी घालते. बॅटरी उगीच उतरू नये म्हणून."

"कशी काढते?"

हेमानं तारा धरून ओढल्याचं करून दाखवलं. मी कपाळाला हात लावला. असं रोज ओढलं तर माझाही जोड किती दिवस टिकणार? मी कनेक्टरच्या मागे दोन बोटं लांबीच्या मऊ तारा जोडल्या, त्या गोंदानं पाटीला पक्क्या केल्या, म्हणजे ओढ बसली तरी ती जोडावर यायची नाही. शिवाय एक सरकतं बटण बसवलं. ते सरकवलं की बॅटरी बंद, कनेक्टरला हात लावायची गरजच नाही. पण ते आईच्या हातानं सरकतंय का, हे पाहायला मला तिच्या घरी जाणं भाग होतं. दुरुस्त केलेली वस्तू ज्याच्या हातात जायची त्याच्या हातात पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. कानाच्या मशीनच्या वेळेपासूनची सवय.

अड्यारला त्यांचा फ्लॅट होता. दार हेमाच्या आईनं, पद्माबाईंनी उघडलं. बारीक चणीच्या, साडीचा पदर खोचलेला, बोलण्यात घाई. "या, या. तुम्हीं साताऱ्याच्या म्हणे. हेमा म्हटली." बोलता बोलता त्या हॉलमध्ये गेल्या. तिथे उंच पाठीच्या खुर्चीत नागोजीराव बसलेले होते. मानेला दोन्हीकडून उशा. शर्ट इस्त्रीचा. डोळे मिटलेले.

"हें असेंच," पद्माबाई म्हणाल्या. "कोणी आलें तरी उघडत नाहींत."

हेमानं उजवा भाग खुर्चीच्या हातावर बसवला, बटण सरकवलं. एक छोटा निळा दिवा लागला. तिनं वडिलांचा उजवा हात उचलून बटणांवर ठेवला, एकेक बोट जागेवर. "अप्पा, बघा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, हेमाकडे पाहिलं, मग टॅब्लेटकडे. बोटं हलायला लागली. फार हळू. एक अक्षर उमटायचं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. 'प्र' उमटला.

"प्रकृति?" पद्माबाई म्हणाल्या. "प्रकृतीचें म्हणतां?"

बोटं चालूच राहिली.

"प्रसाद? देवळाचा प्रसाद पाहिजे?"

पुरं वाक्य झालं तेव्हा टॅब्लेटनं ते वाचलं. आवाज एका तरुण पुरुषाचा, अगदी पुण्याच्या बातम्यांतला, एकही अनुस्वार न चुकवणारा. "प्रश्न नीट विचार."

पद्माबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. हा पुण्याचा माणूस माझ्या घरांत बसून मज रागावतो." त्या हसल्या, पण ते अर्ध्यावरच थांबलं, कारण नागोजीराव त्यांच्याकडे रोखून पाहत होते.

हेमा खुर्चीसमोर खाली बसली. "अप्पा, मी विचारते. डॉक्टरांनी सांगितलं ती नळी. ती घालायची का? घालायची असेल तर हो लिहा."

त्यांनी हो लिहिलं नाही. सवयीचा माणूस, आख्खं वाक्य लिहिल्याशिवाय राहवेना. मी दाराजवळ हातात आयर्नची पिशवी घेऊन उभी होते. तिथून निघून जावं की थांबावं ते मला कळत नव्हतं. कीबोर्डचं काम झालं होतं, ते मी पाहिलं होतं. पण निघाले तर दार वाजेल असं वाटलं. म्हणून थांबले.

टॅब्लेट बोलला, "नळी घाला."

हेमानं टॅब्लेट हातात घेतला आणि मागची ओळ काढली, डॉक्टरांच्या दिवशीची. ती तशीच होती, 'नी' आणि पुढे दोन सुटे काने. देवनागरीच्या सरकारी कीबोर्डमध्ये डाव्या हाताला बहुतेक स्वर, काना, मात्रा, वेलांट्या. व्यंजनं तिकडे मोजकीच, म, न, व अशी. बाकीची सगळी उजव्या हाताला. 'नळी घाला' लिहिताना उजवी बाजू मेलेली असेल तर ळ जातो, घ जातो, ल जातो. उरतं ते एवढंच. त्यांनी त्या दिवशीही हेच लिहिलं होतं. "नळी नको ना?" या प्रश्नाला डोळे दोनदा मिटून त्यांनी 'नाही, तसं नाही' असं सांगितलं होतं.

हेमानं हे आईला तमिळमध्ये समजावून सांगितलं. पद्माबाई टॅब्लेटकडे पाहत राहिल्या. देवनागरी त्यांना अक्षर लावून वाचावं लागे. त्यांनी ती ओळ बोटानं लावून पाहिली.

तेवढ्यात बोटं पुन्हा चालू झाली होती. या वेळी पद्माबाईंनी मध्ये काही सुचवलं नाही. टॅब्लेट बोलला, "पण पद्मेस विचारा. तिजकडून होईल का."

नळी म्हणजे काय असतं, हे मला पुढे कळलं. ती साफ करायची, आतला कफ यंत्रानं ओढून काढायचा, दिवसातून पुष्कळदा आणि रात्रीही. यंत्राची शिटी वाजली की धावायचं. घरात एक माणूस कायम जागं हवं. पद्माबाईंना हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. त्यांना ते झेपेल का, असं मात्र कोणी विचारलेलं नव्हतं.

त्यांनी पदर सोडला, पुन्हा खोचला. मग नवऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "रात्रीं जागणें मजकडून होत नाहीं आतां. पाठ धरते. दिवसां होईल."

बोटं चालली. टॅब्लेट बोलला, "रात्रीस नर्स ठेवूं."

"आणि तुम्हीं जेवणार. मुकाट्यानें. तोंड फिरवायचें नाहीं."

"सेरि," टॅब्लेट म्हणाला. तमिळमधला 'बरं' हा शब्द त्या पुणेरी आवाजात इतका विचित्र वाटला की हेमाला हसू फुटलं आणि मग ती रडायला लागली. पद्माबाई रडल्या नाहीत. त्यांनी रुमालानं नवऱ्याच्या ओठांची कड पुसली आणि मला म्हणाल्या, "तें बटण कसें सरकवायचें, दाखवा." मी दाखवलं. त्यांच्या अंगठ्याला ते जड जात होतं. मी पिशवीतून कानस काढून बटणाची कड घासून दिली.

निघाले तेव्हा त्या लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट खालून यायला वेळ लागत होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांस मीच सांगितलें, त्यांस नको आहे. मज वाटलें, इतकीं वर्षें यांचें तोंड वाचतें, चुकणार कशी? मी थकलें होतें, बाई. मज जें वाटत होतें, तेंच यांचे तोंडावर दिसलें."

लिफ्ट आली.

नळी घातली. नर्स ठेवली. नागोजीराव त्यानंतर दोन दिवाळ्या पाहून गेले. त्या काळात मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे, कधी बॅटरी बदलायला, कधी नुसतीच. माझ्या मराठीवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. मी एकदा "सोल्डर केलं" म्हटलं, तर त्यांनी वेळ घेऊन लिहिलं, "झाळलें म्हणा. शब्द आहे." मला तो शब्द ठाऊक होता, तांब्या-पितळेची भांडी झाळणाऱ्यांकडून लहानपणी ऐकलेला. वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढली, पण आपण करतो त्याला तो लावावा असं कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर त्यांच्यासमोर मी झाळलें असंच म्हणायची, तेही त्यांच्यासारखा अनुस्वार देऊन.

बोटं एकेक करून थांबत गेली. तसतशी हेमा बटणं कमी करी आणि मी तारा नव्यानं जोडी. डाव्या हाताचं सगळं उजव्याला आणलं. मग उजव्याची तीनच बोटं राहिली. शेवटी एका अंगठ्याखाली एकच मोठं बटण. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जात आणि हवं ते अक्षर आलं की ते बटण दाबत. एका वाक्याला अर्धा तास जाई. घर त्याला सरावलं होतं. पद्माबाई भाजी निवडत बसत, नर्स तिच्या फोनवर असे, आणि वाक्य पुरं होऊन आवाज आला की सगळ्या उठून बघत. मधे कोणी डोकवायचं नाही, असा पद्माबाईंचा नियम होता. पाहुण्यांनाही तो पाळावा लागे. त्यांच्या एका चुलतदिरानं एकदा अर्ध्या शब्दावरून पुढचं ओळखून सांगितलं, तर त्या त्याला म्हणाल्या, "तुम्हांस ठाऊक आहे तर तुम्हींच बोला. यांस कशाला दमवतां?" तो पुन्हा तसं वागला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते घरीच गेले. मला हेमानं दुसऱ्या दिवशी कळवलं. मी जाऊन आले. खुर्ची तिथेच होती, कीबोर्ड कपाटावर ठेवलेला. बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर फुगतील, एवढं मी हेमाला सांगितलं. सांगताना माझं मलाच कसंतरी वाटलं. पण ते सांगणं आवश्यक होतं.

मग काही महिन्यांनी पद्माबाईंचा फोन आला. नागोजीरावांना व्यायाम द्यायला जो फिजिओथेरपिस्ट येई, त्याच्याकडे आता तांबरमचा एक माणूस होता. तोच आजार. टॅक्सी चालवायचा, वय चाळिशीतलं. वाचा गेली होती, बोटं शाबूत होती. "तो कीबोर्ड तिथें देऊं म्हणतें," पद्माबाई म्हणाल्या. "तुम्हीं जरा बघून द्याल?"

दोन्ही भाग माझ्याकडे आले. काढलेली बटणं हेमानं पुन्हा बसवली आणि कीबोर्डला तमिळ अक्षरं शिकवली. मी नव्या बॅटऱ्या घातल्या. कनेक्टर दोनदा मीटरनं पाहिले. उजव्या भागावरचा माझा जुना जोड भिंगाखाली धरला. चांगला होता. तसाच ठेवला.

तांबरमला मी आणि पद्माबाई लोकल ट्रेननं गेलो. हेमाला ऑफिस होतं. पद्माबाईंनी कीबोर्डची पिशवी सगळा वेळ मांडीवर धरली होती. घर एका खोलीचं आणि पुढे पडवी. त्या माणसाची बायको सेल्वी, कपड्यांच्या कारखान्यात कामाला जाणारी, आमच्यासाठी रजा घेऊन थांबली होती. नवरा पलंगावर टेकून बसलेला. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

मी मांडामांड केली. बटण, चार्जिंग, दिवा निळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, हे सांगायला लागले, तर पद्माबाईंनी ते माझ्या हातून घेतलं आणि सेल्वीला तमिळमध्ये समजावलं. बटण अडलं तर कनेक्टर काढायची वेळ येईल. तेव्हा तार ओढायची नाही, दोन्ही कडांना नखं लावून ढकलायचं. तिच्याकडून तीनदा करून घेतलं. दिवा लागला. सेल्वीनं नवऱ्याचे हात बटणांवर ठेवले.

त्यानं जन्मात कधी टाइप केलं नव्हतं. एक बोट पुढे गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. पडद्यावर एक अक्षर आलं. मग दुसरं. सेल्वी पडद्यावर वाकली, तिचा चेहरा उजळला आणि ती पुढचा शब्द म्हणणार, इतक्यात पद्माबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"इरु," त्या हळूच म्हणाल्या. थांब.

सेल्वी थांबली. आम्ही तिघी तिथेच उभ्या राहिलो. त्याचं बोट तिसऱ्या अक्षराकडे निघालं होतं.